दुर्पीची कणीक

एकदा एका वृद्ध मृदंगाचार्याने ऐन उत्सवात, देवळाचा सभामंडप माणसांनी भरलेला असताना, मृदंग मुका ठेवला. लोक ही गोष्ट अजून सांगतात, पण अर्धीच सांगतात. म्हणून ती पहिल्यापासून सांगायला हवी.

या आचार्यांना गाव बुवा म्हणे. त्यांच्याकडे एक तरुण शिष्य होता. शाळा त्याने लवकर सोडली होती, अक्षरे कशीबशी जुळवी. पण हात असे की थाप पडली की शिखरावरची कबुतरे उडत. दोष एकच होता. त्याला थांबणे जमत नसे. तालात जिथे मात्रा रिकामी सोडायची, तिथेही त्याची बोटे जाऊन पडत.

"मात्रा खाऊ नको रे," बुवा म्हणत. "रिकामी मात्रासुद्धा तालातलीच आहे. भारी भूक तुझी, लेका!"

शिष्याची धाकटी बहीण दुर्पी त्याच्याबरोबर शिकवणीला येई. वडील पूर्वीच वारलेले, आई दिवसभर परक्याच्या मळ्यात राबे, म्हणून पोर भावाच्या हवाली होती. देवळात तिचे एक काम ठरलेले होते. मृदंगाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची असते. डाव्या तोंडावर मात्र दर वेळी वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते आणि वाजवून झाले की खरवडून काढावी लागते. त्या कणकेशिवाय डावे तोंड घुमत नाही. ही कणीक दुर्पी लावी. चार वर्षांची पोर, पण त्या कामात ती दुसऱ्या कोणाला येऊ देत नसे.

मग एका थंडीत तिला ताप आला आणि तापातच अर्धांगाचा झटका आला. एवढ्या लहान मुलालाही असे होऊ शकते, हे गावात कोणाला ठाऊक नव्हते. मोठ्या दवाखान्यात तिचा जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "धोका टळला. आता त्या डाव्या हाताकडून रोज काम करून घ्या. लहान आहे, मेंदू नव्याने शिकेल." शिष्याने 'धोका टळला' एवढेच ऐकले आणि तो रडत सुटला. पुढचे शब्द त्याच्या कानात शिरलेच नाहीत.

दुर्पी घरी आली ती डावी मूठ छातीशी आवळून, डावा पाय ओढत. बोलणे शाबूत होते. पूर्वीइतकेच होते, म्हणजे फार. भावाने तिला जणू तळहातावर उचलले. घास तोच भरवी, झगा तोच चढवी, कडेवरून खाली उतरू देत नसे. तिच्या हातून वाटी सुटली तर ती जमिनीला लागायच्या आत त्याने झेललेली असे. कोणी पोर 'लंगडी' म्हणाले तर तो दगड घेऊन धावे. आणि मृदंगाला कणीकही आता तोच लावी.

"दादा, कणीक माझी आहे," दुर्पी म्हणे.

"तुझा हात बरा झाला की तू लाव."

"तो कधी होणार?"

यावर तो तोंड फिरवी. देवळामागे पेरूचे झाड होते. आजारापूर्वी दुर्पी त्यावर माकडासारखी चढे. तो त्या झाडाशी जाऊन रडे आणि डोळे पुसून परत येई.

"बुवा," दुर्पी सांगे, "दादा पेरूला पाणी घालून आला."

उत्सवाचा दिवस उजाडला. कीर्तनकार उभे राहिले, टाळकरी सरसावले. शिष्याने मृदंगाला कणीक अशी गोल, गुळगुळीत लावली होती की जणू साच्यातून काढलेली. बुवा आले आणि त्यांनी ती पाहिली.

"ही कोणी लावली गं, दुर्पे?"

"दादानं. मला देतच नाही."

"तुला लावायची आहे?"

"मग काय!"

बुवांनी ती सुंदर कणीक खरवडली आणि गोळा पायरीवर बसलेल्या कुत्र्यापुढे टाकला. ताटलीत नवी ओली कणीक मागवून दुर्पीसमोर ठेवली. मग मृदंग सुरात लावायची आपली हातोडी त्यांनी तिच्या उजव्या हातात दिली. "ही माझी हातोडी. कणीक लागेपर्यंत तू सांभाळायची. खाली ठेवायची नाही." आणि शिष्याकडे वळून म्हणाले, "तू दोन्ही हात मांड्यांखाली घे आणि त्यांच्यावर बस."

"मी?"

"तूच. माझे हात कुठे आगाऊपणा करतात?"

पुढच्या रांगेतला एक व्यापारी कुरकुरला, "बुवा, उत्सव देवाचा आहे की या पोरीचा?"

"देव काही बोलला नाही, शेठजी. घाई तुम्हालाच दिसते."

सभामंडप थांबला. दुर्पीने डाव्या मुठीकडे पाहिले, जसे झोपलेल्या पाहुण्याकडे पाहावे. खांदा पुढे लोटून तिने ती मूठ कणकेत खुपसली. कणीक चिकटली. मूठ थरथरत वर आली, मृदंगापर्यंत पोहोचली आणि गोळा खाली पडला. शिष्याचा एक हात मांडीखालून निसटला.

"बस!" बुवा म्हणाले. हात परत गेला.

दुर्पीने पुन्हा मूठ बुडवली. या वेळी गोळा कसाबसा कातड्याला चिकटला, एका बाजूला लोंबत, वर तिच्या बोटांच्या पेरांचे खड्डे. बुवांनी गंभीरपणे थाप मारली. 'भप्' असा आवाज निघाला. टाळकऱ्यांना हसू आवरेना. शिष्याचे कान लाल झाले. पण सगळ्यांत मोठ्याने हसली ती दुर्पी.

"बुवा, आत बेडूक बसलाय!"

"मग त्याला नीट बसव की."

ती मुठीने कणीक लोटू लागली. दाबे, थांबे, पुन्हा दाबे. श्रमाने तिची जीभ बाहेर आली होती. दाबता दाबता ओल्या कणकेत तिचा अंगठा मुठीतून थोडा सुटला. तो अंगठा तिने कणकेच्या कडेवरून फिरवला, हळू, वाकडातिकडा, पार शेवटपर्यंत. मग मान वर करून म्हणाली, "आता वाजवा."

बुवांनी थाप मारली. धुम्म! शिखरावरची कबुतरे उडाली. टाळ आपोआप वाजू लागले, आणि शेठजी सर्वांच्या आधी टाळ्या पिटू लागले.

त्या दिवशीचे कीर्तन फार रंगले. पण ते संपताच शिष्य बुवांसमोर तणतणत उभा राहिला. "सगळ्या गावासमोर तिची फजिती केलीत!"

"तिची?" बुवा म्हणाले. "ती तर हसत होती. लाल तू झालास."

शिष्याने देवळामागच्या झाडाकडे बोट दाखवले. "बुवा, ती पेरूवर चढायची हो."

बुवांनी त्याला जवळ बसवले. "चढायची. त्या दुर्पीसाठी तू रडतोस, ते रडणे खरे आहे. मी तुला अडवणार नाही. पण ही दुसरी दुर्पी तुझ्यासमोर बसून कणीक मागते आहे, तिच्याकडे कोण पाहणार? तिचा हात निघतो, वाटेत अडखळतो, दम घेतो. ती तिची रिकामी मात्रा आहे, बाळा. त्या मात्रेतच तो हात शिकतो. आणि तू प्रेमाने, पण रोज, तीच मात्रा खातोस. मृदंगावर तू मात्रा खाल्लीस तर ताल बिघडतो, पुन्हा धरता येतो. तिची मात्रा खाल्लीस तर तिने वाजवायचे कधी?"

"आणि पडली तर? दुखलं तर?"

"तर धावत जा. त्यासाठीच तर हात तुझ्याजवळ ठेवलेत. पण आधी पडू तर दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्पी झगा घालायला बसली. डावी बाही काही केल्या सापडेना. झगा डोक्यावर अडकला, आतून तिची बडबड चालूच होती. भावाचे हात पुढे झाले. त्याने ते मागे घेतले, मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला. चुलीवरचा चहा उतू गेला. आई मळ्याला निघता निघता दारात थबकली. शेवटी बाहीतून आधी मूठ आणि मग विस्कटलेल्या केसांचे, घामेजलेले, हसरे तोंड बाहेर आले. झगा उलटा होता.

"दादा, आता हात काढ की! टाळी कोण देणार?"

त्याने तळहात पुढे धरला आणि डोळे न पुसता तो थांबला. दुर्पीची डावी मूठ छातीपासून निघाली, वाटेत अडखळली, दम घेऊन पुन्हा निघाली. मुलांना वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढे थांबणे शिकले तरी पुष्कळ झाले.

मूठ तळहातावर येऊन पडली. उशिरा आली, पण समेवर आली.