राघूनं व्रत घेतलं नव्हतं

जंगलाला लागून असलेल्या कोंडेवाडीत अनसूयाकाकू राहत. चातुर्मासात कुणाची निंदा करायची नाही, असं त्यांचं व्रत. एकदा वाघाला पाहून गावचे इनामदार त्यांच्या माजघरात येऊन लपले, तेही त्यांनी म्हणूनच कुणाला सांगितलं नाही.

चारच दिवसांनी इनामदार काकूंच्याच ओसरीवर, गावासमोर, मिशीला पीळ देत सांगू लागले, "नुसती काठी उगारली, वाघ पळाला!"

तोच काकूंचा पिंजऱ्यातला राघू किंचाळला, "आई गं! मेलो! वाचवा!" आवाज हुबेहूब इनामदारांचा.

लोक खुसखुसले. इनामदार उसळले, "मुरगळा त्या पोपटाची मान!"

काकू पिंजऱ्यापुढे आल्या. हात जोडून त्या म्हणाल्या, "सरकार, राघू ऐकलेलंच बोलतो. हे शब्द तुमचे असतील, तर खुशाल मुरगळा. वाघाचे असतील, तर बिचारा तुमचा पराक्रमच गातोय."

इनामदारांनी घाम पुसला. "वाघाचेच! पेरू द्या त्याला!"

पेरू खाऊन खूश झालेला राघू पुन्हा ओरडला, "काकू, आतून कडी लावा!"

"वाघ भलताच ओळखीचा निघाला," कुणीतरी म्हणालं.

काकू काहीच बोलल्या नाहीत. चातुर्मास संपायला अजून महिना होता.