समजाला बांधलेला पूल

किड्यामुंग्यांच्या एका राज्यात दोन काठ होते आणि मध्ये ओढा होता. ओढ्याला तेव्हा पाणी किती होते, हे मात्र म्हाताऱ्या कोळ्याला नीटसे आठवत नाही. कधी तो म्हणतो हत्ती बुडेल एवढे, कधी म्हणतो बेडकाच्या गुडघ्याएवढे. मुंगीला पुरून उरेल इतके होते, एवढे धरून चालू.

ज्यांना पंख होते ते पलीकडे जाऊन येत. बाकीचे अलीकडेच अडकलेले, आणि तो काठ हळूहळू ढासळत होता.

कोळ्याचे शिक्षण दांडगे होते. ताण, पीळ आणि गाठ यांवर तो न थांबता बोलू शके. आणि बोलून झाले की आपण काही चुकीचे तर सांगितले नाही ना, या धास्तीने त्याला जेवण जात नसे. त्याचे स्वतःचे जाळे एका बाजूने कायम फाटलेले असे. दुरुस्तीला बसावे, तर कुणीतरी शंका घेऊन हजर.

सगळ्यांना पूल बांधता यावा म्हणून शेवरीच्या कापसापासून धागा काढणाऱ्या फिरक्या त्याने तयार केल्या आणि वाटेवरच्या काटकीला टांगून ठेवल्या. ज्याला हवी त्याने न्यावी, बिघडली तर सुधारावी आणि सुधारलेली परत आणून टांगावी, म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल, असे त्याने सगळीकडे कळवले. फिरक्या भराभर गेल्या. परत आल्या त्या तक्रारी. कुणाची फिरकी उलटी फिरे, कुणाची दवात अडकून बसे. कोळी प्रत्येकाला कळवळून एकच उत्तर देई, की माझ्या फांदीवर तर चालते.

मग त्याने पूल बांधायची शिकवणी सुरू केली. ती एका रुंद पानाखाली भरे. समोर बांधायला काहीच नसल्यामुळे तो धाग्याचे टोक हवेत धरून म्हणे, समजा, इथे फांदी आहे. आणि हवेतच अशी सुरेख गाठ मारून दाखवी की बघणाऱ्याला फांदी दिसू लागे.

शेजारच्या ढालकिड्याने एकदा पानाखाली डोकावून विचारले, "शास्त्रीबुवा, तुम्ही स्वतः कधी गेला होता का हो पलीकडे?"

त्यावर कोळ्याने प्रवास आणि प्रवासाचे तत्त्व यांतला फरक इतका सविस्तर सांगितला, की ढालकिडा पाय पोटाशी घेऊन झोपी गेला.

विद्यार्थी गळत गेले. टिकली ती सावळाबाई नावाची काळी मुंगी. तिला विद्येची हौस नव्हती. तिच्या वारुळाखालची माती सुटली होती आणि आत अंडी होती. ती पलीकडच्या काठावर न्यायची, एवढेच तिला ठाऊक होते. ती प्रश्न विचारत नसे. कोळी सांगेल ते तसेच्या तसे करी. अशी विद्यार्थिनी मिळाल्याचा त्याला फार अभिमान वाटे.

एका सकाळी, ओढ्यावर धुके असताना, तिने त्याला पूल पाहायला बोलावले. धागा काठावरून निघून धुक्यात शिरला होता आणि पहिल्या मुंग्या अंडी घेऊन त्यावर चालू लागल्या होत्या. कोळ्याने एकेक गाठ तपासली. गाठी त्याच्यापेक्षा चांगल्या होत्या. चार शब्द बोलावेत म्हणून त्याने घसा साफ केला, आणि केवळ सवयीने विचारले, "दुसरं टोक कशाला बांधलंस?"

"समजाला, गुरुजी."

"कशाला?"

"समजाला. तुम्ही रोज बांधायचात, तिथंच." तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "चुकलं का माझं?"

त्याच्याकडे याचे मोठे उत्तर होते. पण धागा नुसता वाऱ्यावर तरंगत होता आणि मुंग्यांच्या ओझ्याने पाण्याकडे झुकू लागला होता. कोळी जन्मात पहिल्यांदा बोलायचे सोडून धावला. मुंग्यांच्या डोक्यावरून उड्या टाकत तो धुक्यात शिरला, सुटे टोक त्याने पकडले, आणि तेवढ्यात आलेल्या झुळकीने त्याला उचलून पलीकडे फेकले. हातपाय झाडताना एक फांदी पायात आली, यात त्याच्या विद्येचा काहीही भाग नव्हता.

चार पायांनी फांदी आणि चार पायांनी धागा धरून तो बसला. धागा फांदीला बांधून टाकावा, हे त्याला सुचलेच नाही. नंतर सुचले, तेव्हा एकही पाय मोकळा नव्हता आणि एकही सोडायचा धीर नव्हता. सगळे वारूळ अंड्यांसकट त्याच्या पाठीवरून पार झाले.

"बाई, हे कोण?" एका मुंगीने जाता जाता विचारले.

"हाच तो समजा," सावळाबाई म्हणाली. "हळू जा. त्याच्या डोळ्यावर पाय देऊ नका."

शेवटचे अंडे उतरल्यावर तिने त्याच्या पायांची ठेवण चारही बाजूंनी नीट पाहून घेतली. यापुढे आपण इतरांना शिकवणार आहोत, असे ती म्हणाली. कोळ्याला गहिवरून आले. त्यामुळे काय शिकवणार, हे विचारायचे राहिले.

ते त्याला पुष्कळ वर्षांनी कळले, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून त्याने ओढ्याच्या कडेकडेने हिंडून खात्रीही करून घेतली. पूल जागोजागी झाले होते. धागे मजबूत होते, गाठी निर्दोष होत्या. आणि प्रत्येक पुलाच्या पलीकडच्या टोकाला, चांगली जाड फांदी शेजारी असतानाही, कुठून कुठून विनवून आणलेला एकेक म्हातारा कोळी धागा पायांत धरून बसवलेला होता.