सीतेची वेणी आणि कुशाबा माळी

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं आणि तिथल्या राजाच्या बागेत कुशाबा नावाचा माळी होता. कुशाबाच्या हाताला गुण होता. वाळकी काडी रोवली तरी फुटते, असं लोक म्हणायचे. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

राजाची आई डोंगरातली लेक. आता ती थकली होती. माहेरची वाट चढणं तिला झेपत नव्हतं. एके दिवशी तिने कुशाबाला बोलावलं.

"कुशाबा, आमच्या रानात सीतेची वेणी फुलते. झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढरा घोस वेणीसारखा लोंबतो. डोळे मिटायच्या आधी एकदा तो माझ्या खिडकीसमोर बघायचाय रे."

"एवढंच ना आईसाहेब? पुढच्या उन्हाळ्यात दाखवतो."

कुशाबा डोंगरात गेला. तिथे बुधी नावाची म्हातारी राहायची. वळवाच्या वादळात एक फांदी मोडून पडली होती, तिच्यावर सीतेच्या वेणीची तीन रोपं होती. बुधीने ती अलगद सोडवून त्याच्या टोपलीत ठेवली.

"माळीदादा, यांना मातीत नको घालू हं. यांची रीत..."

"बाई, सात पिढ्या माळीकाम करतोय आम्ही," कुशाबा हसून म्हणाला. "मातीवाचून झाड जगतं हे मला नको सांगू."

त्याने टोपली उचलली आणि तो डोंगर उतरला.

कुशाबाने पहिलं रोप उत्तम काळ्या मातीत लावलं. कुजलेलं शेणखत घातलं, दोन्ही वेळा पाणी दिलं. महिन्याभरात त्याची जाड मुळं तपकिरी होऊन लिबलिबीत झाली आणि पानं हातात आली.

मग त्याला वाटलं, हे बांडगूळच असणार, झाडाचा रस पिणारं. त्याने आंब्याच्या सालीला खाच पाडली, दुसऱ्या रोपाची मुळं तिच्यात कोंबली आणि वरून शेणमातीने लिंपून टाकलं. तेही सडलं. आंब्याच्या जखमेतून मात्र कितीतरी दिवस डिंक गळत राहिला.

तिसऱ्याला हात लावायची त्याला भीती वाटली. ते टोपलीतच, पडवीच्या आढ्याला टांगलेलं राहिलं.

उन्हाळा आला. आईसाहेब विचारू लागल्या. कारभारी कुशाबाच्या कानाशी लागला, "रानातला फुललेला घोस तोडून आण आणि बांध फांदीला. त्यांची नजर अधू झालीय. कोणाला कळतंय?"

कुशाबा कोयता घेऊन निघाला. रानात फुललेल्या झाडाखालीच बुधी भेटली. तिने कोयत्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कुशाबाला खोटं बोलवेना.

"दोन मारली मी, आजी. तिसऱ्याचं काय करू?"

बुधीने त्याचा हात धरून फांदीवरच्या रोपाच्या मुळांवर ठेवला. "बघ. सालीला नुसती धरून आहेत, आत शिरली नाहीत. हे झाडाचं काही खात नाही, नुसतं बसतं. पाणी पावसाचं नि वाऱ्यातलं. काथ्याने फांदीला बांध, मुळं उघडी ठेव. सकाळी शिंपड, दुपारपर्यंत वाळू दे. मुळं रुपेरी दिसली की तहानलीत, भिजली की हिरवी होतात. ऊन पानांतून गाळून आलेलं हवं. थंडीत पाण्याचा हात आखड. एक उन्हाळा रिकामा जाईल, दुसऱ्याला फुलेल."

"हे त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की. तुला ऐकायचं नव्हतं."

कुशाबा परतला आणि आईसाहेबांना सगळं सांगितलं, कोयत्यासकट. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तोवर मी असेन का रे?"

"ते माझ्या हातात नाही. पण तोडून आणलेलं फूल तुम्हाला दाखवणार नाही."

"मग बांध."

टोपलीतलं रोप अजून तग धरून होतं. त्याला काहीच केलं नव्हतं, म्हणूनच ते वाचलं होतं. कुशाबाने ते खिडकीसमोरच्या आंब्याला बांधलं. नको तेव्हा पाण्याच्या घड्याकडे जाणारा हात आवरणं त्याला सगळ्यात जड गेलं. पुढच्या उन्हाळ्यात नवी मुळं फुटली, हिरव्या टोकांची. आईसाहेब रोज सकाळी ती बघत. माघात त्या गेल्या.

ज्येष्ठात आंब्याच्या फांदीवरून हातभर लांब घोस लोंबू लागला. राजा बघायला आला आणि म्हणाला, "कुशाबा, तुझ्या हाताला खरंच गुण आहे."

"गुण बुधीच्या सांगण्याचा, महाराज," कुशाबा म्हणाला. "माझ्या हाताने एक वर्ष घालवलं. ते आईसाहेबांचं होतं."

राजाने मान खाली घातली. त्या दिवसापासून बागेत कोणीही अनोळखी रोप आणलं, की कुशाबा आधी कुदळ खाली ठेवायचा आणि आणणाऱ्याला बसवून त्याचं सगळं ऐकून घ्यायचा.

बोध : कसबाच्या गर्वात जो दुसऱ्याचं ऐकत नाही, त्याला शहाणपण उशिरा मिळतं, पण गेलेली वेळ कधीच मिळत नाही.