न वाजलेला ढोल

एकदा एका राजाने डोंगरांपलीकडच्या मित्रराज्याच्या मदतीला सैन्य धाडले. तिकडची वार्ता नगराला सांगण्याचे काम एका वृद्ध आचार्यांच्या शिष्याकडे होते. रिवाज असा, की विजयाची वार्ता चौकात ढोल वाजवून सांगायची. कोणी पडल्याची वार्ता मात्र फक्त त्याच्याच घरी जाऊन, हलक्या आवाजात.

शिष्याला हा रिवाज सोयीचाच वाटे. त्याचा धाकटा भाऊ त्या सैन्यात होता, आणि ढोल वाजला की लोक साखर वाटत, धान्याच्या नि घोंगड्यांच्या गाड्या हौसेने भरत. तोंडात साखर असताना प्रश्न कोण विचारतो? भाऊ उबेत राहावा, एवढेच शिष्याला हवे होते.

मग एक पाय गमावलेला सैनिक परतला आणि चौकात बसून त्याने पाहिले ते सांगितले. नगर खवळले. गाड्या पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने शिष्याला गाठले. "रोज जिंकत होतो ना आपण? मग ही दशा कशी? आता माझी एकही गाडी हलणार नाही."

घाटात बर्फ पडायला थोडेच दिवस उरले होते. शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो आचार्यांकडे धावला.

"गुरुजी, एखादा मोठा विजय सांगू का?"

"नको. ढोल घे आणि जे पडले त्यांची नावे सांग. सगळी."

"ढोल वाजवून? हे तर आगीत तेल ओतणे झाले."

"वाजव," आचार्य म्हणाले.

शिष्याने चौकात जाऊन ढोल वाजवला आणि नावे सांगू लागला. एकेका नावासरशी लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेजारच्या आळीतलेही कोणी गेले, हे कित्येकांना आजच कळत होते. व्यापारी गर्दीतून पुढे आला. त्याचा भाचा त्या नावांत होता, आणि ते दुःख त्याने एकट्यानेच गिळले होते. शेवटचे नाव झाल्यावर त्यानेच विचारले, "जे उरलेत, त्यांच्याकडे घोंगड्या आहेत का?"

संध्याकाळी गाड्या निघाल्या. नगरातली वडीलधारी मंडळीही राजाकडे गेली, मोहीम कशासाठी आणि कुठवर, हे विचारायला.

शिष्य बुचकळ्यात पडला होता. आचार्य म्हणाले, "बाळा, दुःख कळले म्हणून माणसे पाठ फिरवत नाहीत. आपल्याला गोड बोलून फसवले, हे कळले की फिरवतात. आणि किंमत ज्याला ठाऊक असते, त्यालाच 'आता पुरे' म्हणता येते."

राजाला उत्तर द्यावेच लागले. थंडी सरता सरता सैन्य परतले. भावाला दारात पाहून शिष्याला रडू आवरेना. त्याच्या छातीवरचे ओझेच उतरले.

"आता तरी ढोल वाजव," भाऊ हसत म्हणाला.

शिष्य चौकात गेला. त्याने आधी न परतलेल्यांची नावे सांगितली, आणि मग घसा मोकळा करून भावाचे.