अडवलेले पाट

एकदा एका व्यापारी नगरात एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांची शिष्या रेवती सुईण होती. नगरातली कितीतरी मुले तिच्या हातांवर जन्मली होती. घरभाडे वर्षागणिक वाढत गेले, तेव्हा ती आईला घेऊन वेशीबाहेर तीन कोसांवर राहायला गेली. एका सकाळी नगरातल्या एका विणकराची बायको अडल्याचा निरोप आला. रेवती धावत पोहोचली, तोवर बाळंतीण गेली होती.

त्याच आठवड्यात नगरशेठ हेमराजांकडे नातवाचे बारसे होते. वैद्यबुवा रेवतीसह पंगतीला गेले. एका पाटावर स्वतः बसले आणि शेजारच्या चार पाटांवर उपरणे, काठी, पगडी आणि बटवा ठेवला. वाढपी दुसरी पंगत मांडू लागले, तर त्यांनाही अडवले. ''नको. अंगणाची शोभा जाते.''

''गुरुजी, म्हातारी माणसं ताटकळलीत,'' रेवती ओशाळून म्हणाली.

शेठ धावत आले. ''वैद्यबुवा, एकट्याला पाच पाट कशाला?''

''मला ते आज नकोतच. लोकांची भूक वाढू दे. मग जो जास्त मोल देईल, त्याला बसवीन.''

''अन्न तयार असताना माणसं उपाशी ठेवायची? हे पाप आहे!''

वैद्यबुवा उठले. ''मग तुमच्या चाळीस घरांना कुलपं का? भाव वाढायची वाट पाहता म्हणूनच ना? वर मजला चढवायला नगरसभेत मनाई कुणी केली? नगराची शोभा जाते म्हणे! माणसं वाढली आणि घरं तुम्ही अडवलीत. भाडं आपोआप वाढत नाही, शेठजी, ते वाढवलं जातं. त्या बाईला कळांनी नाही मारलं, तीन कोसांनी मारलं!''

''पण भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही,'' शेठ पुटपुटले.

''ही भीती खरी आहे. मग दोघांनाही बांधील असा करार सभेत ठरवा. बंद घरांवर कर बसवा. मजले चढवू द्या. नगराच्या जागेवर कष्टकऱ्यांसाठी घरं बांधा. यातलं एकही काम अशक्य नाही, म्हणून तर संताप येतो.''

पुढच्या सभेत मजल्यांवरची मनाई उठली आणि बंद घरांवर कर बसला. शेठांनी निम्मी कुलपे काढली. उघडलेल्या घरांपैकी एक रेवतीला ठरल्या भाड्याने मिळाले.

''गुरुजी, शेठ बदलले,'' ती म्हणाली.

''शेठ बदलले की नाही, मला ठाऊक नाही. नियम बदलला.''

''मग आता राग गेला?''

''नाही. नगराच्या जागेवर अजून एक वीट चढलेली नाही. पौर्णिमेला सभा आहे.''

रेवतीने कोळशाने दारामागच्या भिंतीवर सभेची तिथी लिहून ठेवली.