साळिंदराची धुरी आणि झरोक्यातल्या घुशी

एका नदीच्या उतारावर, आतड्यासारख्या लांबलचक, वळणावळणाच्या बिळात एक साळिंदर राहत असे. एकदा त्या बिळाच्या भिंतीत घुशी शिरल्या. रोज भिंत पोखरली जाऊ लागली, छतातून माती गळू लागली. बीळ खचले असते तर साळिंदर आत जिवंत गाडले गेले असते.

साळिंदराने आजोबांच्या पद्धतीने कडुनिंबाची धुरी दिली. घुशी पटापट मेल्या. "झाला नायनाट!" म्हणत साळिंदराने आठ दिवस मिशांवर ताव दिला. पण एक घूस वाचली होती. तिला कोंदट जागा सोसत नसे, म्हणून तिने आधीच बाहेर एक झरोका पाडला होता. धूर आला की ती शेपटीने तो बाहेर हाकलत असे. तिची पिल्लेही आईच्याच वळणावर गेली. महिन्याभरात भिंतीत पुन्हा गजबजाट, आणि आता प्रत्येकीच्या खोलीला झरोका!

साळिंदराने दुप्पट धूर केला, मग चौपट. घुशी मजेत राहिल्या. साळिंदराची मात्र भूक मेली आणि पाठीचे काटे झडू लागले. तेवढ्यात वाटेने मुंगूस आले.

"साळिंदरदादा, पलीकडच्या करवंदीतून धूर येतोय. कुणाचा स्वयंपाक चाललाय का?"

"घुशींना धुरी देतोय. उद्या आठपट देणार!"

"द्या की! घुशी तुमच्या तेराव्याला जेवून जातील."

साळिंदर फणफणले. "आजोबांची धुरी खोटी म्हणतोस?"

"धुरी खरीच आहे हो. पण या आजोबांच्या वेळच्या घुशी नव्हेत. धूर करवंदीतून निघतोय, म्हणजे यांनी झरोके पाडलेत. आधी ते बुजवू, एखादी चोरवाट सापडली तर तिच्यावर मी बसतो. मग धुरी द्या, तीही बेतानं."

दोघांनी शोधून शोधून झरोके लिंपले. एक चोरवाटही सापडली, तिच्या तोंडाशी मुंगूस बसले. थोड्याशा धुरातच घुशी संपल्या. साळिंदर आनंदाने नाचू लागले.

"नाचा खुशाल," मुंगूस म्हणाले, "पण दर पंधरवड्याला भिंत तपासा. मागच्या वेळीही एखादीच उरली असणार."

साळिंदराने नाच थांबवला आणि भिंतीला कान लावला.

मुलांनो, आतड्याच्या कर्करोगातही काही पेशी औषध बाहेर ढकलतात, काही आडवाट धरतात. म्हणून औषध लागू पडेनासे झाले, की डॉक्टर आधी त्यांच्या वाटा शोधतात.

तात्पर्य : उपाय फसला, तर त्याची मात्रा वाढवण्याआधी शत्रू निसटतो कुठून ते पाहावे.