बारा मुळ्यांचं ताट

दुसऱ्यांना नापास करणाऱ्यांनो, तुमची परीक्षा कधी झाली?

फार जुन्या काळी, डोंगराआडच्या एका राज्यात वैद्य व्हायचं तर वैद्यमंडळाची परीक्षा द्यावी लागे. डोळ्यांवर पट्टी बांधायची, हात लावायचा नाही, नुसत्या वासावरून ताटातल्या बारा मुळ्या ओळखायच्या. परीक्षा तीन वर्षांतून एकदाच.

त्या वर्षी तीस जण बसले आणि अठ्ठावीस नापास झाले. त्यांत एका दूरच्या पाड्यावरची मुलगी होती. पाड्यातला म्हातारा वैद्य नुकताच वारला होता. आता तीन वर्षं तिथल्या आजाऱ्यांनी आणि बाळंतिणींनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

ती थेट मंडळावर देखरेख ठेवणाऱ्या राजाच्या निरीक्षिकेकडे गेली. "बाई, मुळ्यांना वासच नव्हता."

निरीक्षिकेने परीक्षेचं ताट मागवलं. ताटासोबत आलेले मंडळाचे प्रमुख हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"मग अंगणही बघू या," निरीक्षिका म्हणाली. "गुरुजी, तुम्हीच ओळखा."

प्रमुखांच्या डोळ्यांवर पट्टी चढली. निरीक्षिकेने मुळ्यांच्या जागा गुपचूप बदलल्या आणि एकेक त्यांच्या नाकाशी धरली. बघायला गर्दी जमली.

"अश्वगंधा. शतावरी. वेखंड..." प्रमुखांनी बारा नावं धडाधड सांगितली.

पट्टी सुटली. एकही नाव जुळलं नव्हतं. मुळ्या नऊ वर्षं जुन्या होत्या, आणि ताटातला क्रमही नऊ वर्षं तोच होता. पास झालेल्या दोघांनीही प्रमुखांसारखा तोच पाठ केला होता.

"बंद करा हे मंडळ!" गर्दी खवळली.

"मग उद्या वैद्य कोण पारखणार?" निरीक्षिकेने हात वर केला. "गुरुजी, बचावात काही सांगायचंय?"

प्रमुखांनी ताट बाजूला सारलं.

"मंडळाला शंभर मोहरा दंड."

"भरू," प्रमुख पुटपुटले. "परीक्षेचं शुल्क थोडं वाढवू."

"नाही! दंड परीक्षकांच्या मानधनातून जाईल. उमेदवारांकडून एक कवडी जरी वसूल केलीत, तर दुप्पट. आणि उद्या सकाळी ताज्या मुळ्या आणून तीसही जणांची फेरपरीक्षा घ्यायची. फुकट."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने अकरा मुळ्या ओळखल्या. पास व्हायला दहा पुरेशा होत्या. त्याच दुपारी तिने पाड्याची वाट धरली.

पारखणाऱ्याचीही पारख व्हावी, आणि चुकीबद्दलचा दंड चुकणाऱ्यानेच भरावा.

रिकामं ताट घासताना मंडळाची झाडूवाली म्हणाली, "नऊ वर्षं या मुळ्यांवरची धूळ मीच झटकत होते. पण मला विचारतंय कोण!"